फूट, क्युसेक, रिश्टर

पाटण, कऱ्हाड किंवा चिपळूणच्या वाचकाला ही बातमी तोंडपाठ असते. ‘कोयना परिसर भूकंपाच्या सौम्य धक्क्याने हादरला’ असा मथळा आणि खाली चार ओळी. धक्क्याची वेळ, रिश्टर स्केलवरची तीव्रता, केंद्रबिंदू कोयनानगरपासून किती किलोमीटरवर आणि हेळवाकच्या कोणत्या दिशेला, भूगर्भातली खोली किती. शेवटी ठरलेलं वाक्य: धरण सुरक्षित असून कोठेही हानी झाल्याचं वृत्त नाही.

बातमीत खोट काही नसते. मोजमाप चोख असतं आणि ते वेळेवर दिलेलं असतं. पण वाचणारा त्यातली शेवटची ओळ तेवढी वाचतो आणि पान उलटतो. आधीचे तीन-चार आकडे त्याच्या दृष्टीने सरकारी शिक्क्यासारखे, असायला हवेत म्हणून असलेले.

कोयनेच्या पाण्याच्या वाटेने खाली सांगलीत या, म्हणजे उलट चित्र दिसतं. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस धरला की रिक्षावाल्यापासून सराफापर्यंत सगळे एकच प्रश्न विचारतात: आयर्विनला किती झालं? आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पातळीचं हे उत्तर फुटांत येतं आणि ऐकणारा लगेच ठरवतो की आज दुकानातला माल माळ्यावर चढवायचा की उद्या. इथे आकडा समजतो, इतकंच नव्हे, तो हातपाय हलवायला लावतो.

पृथ्वीच्या अभ्यासातलं कोणतं ज्ञान माणसाच्या उंबऱ्याशी पोचतं आणि कोणतं कागदावर राहतं, हे तपासायला सातारा आणि सांगलीइतकी चांगली जागा महाराष्ट्रात नाही. भूकंप, महापूर आणि दरड हे तिन्ही धोके इथे एकाच खोऱ्यात नांदतात. तिन्हींवर संशोधन झालं आहे, चालू आहे. पण तिन्हींची लोकांशी झालेली ओळख मात्र सारखी नाही.

धरण सुरक्षित, आणि घर?

११ डिसेंबर १९६७. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. कोयनानगरच्या परिसरात ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. त्या काळच्या नोंदींत तो ६.५ असाही आढळतो. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली. कोयनेची वीज तुटल्याने मुंबईपर्यंत दिवे गेले. १०३ मीटर उंचीच्या धरणाला आडव्या भेगा पडल्या, पण धरण उभं राहिलं. पानशेत फुटून तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. त्यामुळे ‘धरण सुरक्षित आहे’ या वाक्याची गरज का निर्माण झाली, हे वेगळं सांगायला नको. ती गरज आजही संपलेली नाही.

पण त्या पहाटे माणसं धरणाच्या पाण्याने गेली नाहीत. ती घरांखाली गेली. गोल दगड मातीत रचलेल्या जाड भिंती आणि वर जड छप्पर, ही त्या भागातल्या घरांची पद्धत होती. अशी भिंत उभा भार छान पेलते, आडव्या हादऱ्याला मात्र उसवते. आतला थर आणि बाहेरचा थर वेगळे होतात आणि भिंत दोन्ही अंगांना ढासळते. १९९३ साली किल्लारीला जवळजवळ तेवढ्याच तीव्रतेच्या भूकंपाने हजारो बळी घेतले, ते याच प्रकारच्या भिंतींखाली.

भिंतीच्या दोन्ही अंगांना धरून ठेवणारे लांब दगड मधून मधून घालणं, दारा-खिडक्यांच्या डोक्यावरून घरभर काँक्रीटचा सलग पट्टा फिरवणं, कोपरे बांधून घेणं, छपराचं वजन कमी करणं. एवढ्याने घर कोसळण्याची शक्यता बरीच घटते, हे अभियंते कित्येक वर्षं सांगत आले आहेत. चार ओळींच्या बातमीत मात्र याला जागा नसते. प्रत्येक धक्क्यानंतर लोकांना धरणाची खुशाली कळते. आपल्या भिंतीची कळत नाही.

नव्वद छोटे म्हणजे एक मोठा?

बातमीतला तीव्रतेचा आकडा फसवा आहे, कारण तो साध्या मोजपट्टीसारखा वाढत नाही. तीव्रता एका अंकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीसपट होते. दोन अंकांनी वाढली तर हजारपट. त्यामुळे ३ आणि ६ मध्ये फरक दुपटीचा नसतो, तो तीस हजार पटींहून मोठा असतो.

हा हिशेब समजला की कोयना परिसरात सर्रास ऐकू येणारा एक दिलासा तपासता येतो. ‘लहान लहान धक्के बसतायत ते बरंच आहे, जमिनीतला जोर हळूहळू निघून जातो, मोठा भूकंप टळतो.’ ऐकायला पटतं. आता आकडे घालून पाहा. १९६७ च्या भूकंपाइतकी ऊर्जा ३ तीव्रतेच्या धक्क्यांनी बाहेर काढायची तर असे सुमारे नव्वद हजार धक्के लागतील. ५ तीव्रतेचे घेतले तरी नव्वदच्या आसपास लागतील. कोयना-वारणा पट्ट्यात गेल्या साठ वर्षांत ५ किंवा त्याहून मोठे धक्के झाले ते बावीसच्या आसपास, ४ च्या वरचे दोनशेच्या आसपास. ही संख्या जगातल्या कोणत्याही धरणाच्या मानाने मोठी आहे, पण दिलासा खरा ठरवायला ती पुरत नाही.

गंमत अशी की हा हिशेब मांडायला गुणाकाराच्या पलीकडे फारसं काही येण्याची गरज नाही. दहावीच्या वर्गात तो सहज करून घेता येईल. तरी तो अंकगणिताच्या पुस्तकात नाही आणि बातमीतही नाही.

दुसरी गफलत तीव्रता आणि हादरा यांच्यातली. तीव्रता भूकंपाची असते, एका भूकंपाला एकच. हादरा जागेचा असतो. तो केंद्रापासूनचं अंतर, खोली आणि पायाखालची जमीन यांवर ठरतो. कोयनेचे बहुतेक धक्के दहा किलोमीटरच्या आतले, म्हणजे उथळ. म्हणून जेमतेम ३ चा धक्काही हेळवाकला गडगडाट करतो, पत्रे वाजवतो, आणि साताऱ्यात कुणाला कळतही नाही. ‘मला तर फार मोठा वाटला, सरकार आकडा कमी सांगतंय’ हा संशय नेमका इथून उगवतो. बातमीत खोलीचा आकडा छापलेला असतो, पण तो का छापला हे कुणी सांगत नाही.

पाण्याचा आणि भूकंपाचा संबंध

कोयनेच्या जलाशयात, म्हणजे शिवाजीसागरात, पाणी साठायला १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरुवात झाली आणि लगोलग परिसरात बारीक धक्के जाणवू लागले. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने तिथे भूकंपमापक बसवले. मग १९६७ उजाडलं. तोवर दख्खनचं पठार स्थिर, भूकंपाच्या बाबतीत निर्धोक मानलं जाई. भूकंपधोक्याच्या १९७० च्या सुधारित नकाशात कोयना परिसर थेट चौथ्या, म्हणजे मोठ्या धोक्याच्या पट्ट्यात गेला.

धरणाच्या पाण्यामुळे भूकंप होऊ शकतात, हे अमेरिकेतल्या लेक मीडपासून चर्चेत होतं. चीनमधलं शिनफेंगजियांग, आफ्रिकेतलं करिबा, ग्रीसमधलं क्रेमास्ता इथेही १९६० च्या दशकात ६ च्या वरचे भूकंप झाले. पण या मालिकेत कोयनेचा भूकंप सर्वांत मोठा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे इथे ते थांबले नाहीत. साठ वर्षं, साधारण वीस बाय तीस किलोमीटरच्या पट्ट्यात, तेच चालू आहे. १९८० च्या दशकात दक्षिणेला सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यात वारणेचं चांदोली धरण भरू लागलं आणि पुढे १९९३ च्या सुमारास धक्क्यांचा एक मोठा पुंजका तिकडे सरकला.

‘धरणाच्या वजनाने जमीन दबते आणि भूकंप होतो’ असं सांगितलं जातं. वजनाचा वाटा असतो, पण मुख्य काम पाण्याच्या दाबाचं आहे. खोल खडकात जुनी भेग असते. तिच्या दोन्ही बाजू ताणाखाली असतात आणि घर्षणामुळे जागच्या जागी धरल्या गेलेल्या असतात. वर जलाशय भरला की पाण्याचा दाब फटींमधून खाली पोचतो आणि भेगेच्या दोन बाजूंना एकमेकींपासून किंचित सुटं करतो. ओल्या मोरीतली सैल फरशी खाली पाणी शिरलं की पायाखाली सरकते, तसं. फरशी ढकलण्याचा जोर पायाचाच असतो, पाणी फक्त धरलेलं सोडवतं. कोयनेत तो जोर पृथ्वीच्या कवचात आधीच साठलेला होता. धरणाने भूकंप निर्माण केला असं न म्हणता चालना दिली असं शास्त्रज्ञ म्हणतात, त्याचा अर्थ एवढाच.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले डॉ. हर्ष गुप्ता यांनी या विषयावर हयात घालवली. जलाशयाची पातळी किती वेगाने चढते, किती उंच जाते, किती काळ तिथे टिकते आणि पूर्वीची कमाल पातळी ओलांडते का, या गोष्टींशी धक्क्यांचा संबंध त्यांनी जोडून दाखवला. त्यांच्या १९८० च्या दशकातल्या एका निष्कर्षानुसार, आठवड्याला चाळीस फूट किंवा त्याहून अधिक वेगाने पाणी चढणं ही ५ च्या वरच्या धक्क्यासाठी आवश्यक अट दिसते, पण पुरेशी नाही. आवश्यक पण पुरेशी नाही: विज्ञानात हे वाक्य सोन्यासारखं असतं, आणि लोकांपर्यंत जाताना त्याचा दुसरा अर्धा भाग हमखास गळतो. उरतं ते ‘पाणी भराभर चढलं की मोठा भूकंप येणार’.

पुढे २००६ च्या मे महिन्यात याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी बारीक धक्क्यांचा पुंजका पाहून, येत्या पंधरवड्यात कोयना पट्ट्यात ४ च्या आसपासचा धक्का बसेल, असा अंदाज लिहून ठेवला. त्याच महिन्यात ४.२ चा धक्का बसला. ही कामगिरी मोठी आहे, आणि तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. पट्टा ठाऊक असलेला, तीव्रता मध्यम, मुदत पंधरा दिवसांची. यावरून कुणी ‘अमुक तारखेला अमुक वाजता मोठा भूकंप’ असा संदेश मोबाइलवर फिरवला, तर तो खोटा समजावा. तारीख आणि वेळ सांगणारं शास्त्र अजून जगात कुठेही नाही.

तीन किलोमीटर खाली

कऱ्हाडजवळ हजारमाचीला केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्रालयाची एक प्रयोगशाळा आहे. तिचं काम विंधनविहिरींतून पृथ्वीचा अभ्यास करणं. भूकंप जिथे जन्मतात तिथे उपकरण घेऊन जायचं, असा हा खटाटोप. आधी कोयना पट्ट्यात ठिकठिकाणी दीड किलोमीटरपर्यंत छिद्रं पाडली. मग गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल छिद्र २०१७ च्या मध्यावर पूर्ण झालं.

छिद्रातून वर येतो तो दगडाचा दांडा: मनगटाएवढ्या जाडीचा, लांबट. पेट्यांत ओळीने लावलेले हे दांडे पाहिले तर सह्याद्रीचं सगळं पोट वाचता येतं. वरचा काळा दगड बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. एक थर, मग वरचा सच्छिद्र भाग, मधेच विटकरी लाल मातीचा पट्टा, पुन्हा काळा थर. सुमारे एक ते सव्वा किलोमीटर असंच. आणि मग अचानक रंग बदलतो: फिकट गुलाबी-राखाडी, चमकदार कणांचा ग्रॅनाइट-नाइस, अडीचशे कोटी वर्षांहून जुना. भूकंप होतात ते या जुन्या खडकात. ज्या काळ्या कातळावर गाव वसलंय, तो या बाबतीत केवळ छप्पर आहे.

गोठणेच्या छिद्रातून दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. तीन किलोमीटर खोलवरही खडकात पाणी आहे. आणि तिथला खडक ताणाच्या अगदी काठावर आहे, इतका की दाब थोडासा बदलला तरी लहान धक्क्याला पुरे. साठ वर्षांच्या तर्काला मिळालेला हा प्रत्यक्ष दगडी पुरावा.

पाटण तालुक्यात या संशोधनाशी सामान्य कुटुंबाचा संबंध किती? तिथे ‘भूकंप’ शब्दाला जोडून पहिला आठवतो तो दाखला. भूकंपग्रस्त कुटुंबांना सरकारी नोकरभरतीत समांतर आरक्षण मिळतं, त्यासाठी हा कागद लागतो. आजोबांचं घर पडलं म्हणून नातवाला. त्यात चुकीचं काही नाही. पण एका पिढीकडून दुसरीकडे दाखला गेला, तसं घर कसं बांधावं हे ज्ञान गेलं का, हा प्रश्न उरतो.

आयर्विनचे फूट

सांगलीत कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ चा. त्याच्याजवळची पाण्याची पातळी फुटांत मोजतात. चाळीस फूट म्हणजे इशारा पातळी, पंचेचाळीस म्हणजे धोका पातळी. पण शहराला त्याहून बारीक पाढा येतो. तीस फुटांच्या पुढे पाणी गेलं की सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड या भागांतल्या लोकांनी आवराआवर सुरू केलेली असते. प्रत्येक वस्तीचा आपला फूट ठरलेला आहे. घर भाड्याने घेताना ‘इथे कितीला पाणी येतं?’ हा प्रश्न विचारतात आणि घरमालक आकड्यात उत्तर देतो.

हा आकडा इतका चालतो, याची कारणं साधी आहेत. तो एका ठरलेल्या जागेचा आहे. डोळ्यांनी जाऊन पाहता येतो. दर पावसाळ्यात त्याचा अनुभव येतो, म्हणून तो शिळा होत नाही. आणि त्याच्यापुढे काय करायचं ते लोकांनी स्वतः ठरवलेलं आहे. शास्त्रज्ञांनी दिली ती मोजपट्टी; तिच्यावर गल्ल्यांची नावं सांगलीकरांनी लिहिली.

त्याच पावसाळ्यात रोजच्या पत्रकात दुसरा आकडा येतो: कोयनेतून इतके हजार क्युसेक विसर्ग. हा मात्र अधांतरी राहतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे अठ्ठावीस लिटर. हिशेबाची एक खूण लक्षात ठेवली तर पुरे: साधारण साडेअकरा हजार क्युसेक पाणी अखंड एक दिवस वाहिलं की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, होतं. म्हणजे पन्नास हजार क्युसेक दिवसभर सोडले तर सव्वाचार टीएमसीच्या वर पाणी गेलं. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी, चांदोलीची चौतीसच्या वर.

पण सांगलीची पातळी एकट्या कोयनेवर ठरत नाही. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना मिळतात. वाटेत धरणांखालच्या मोकळ्या रानातलं पाणी येतं. ब्रह्मनाळला येरळा मिळते. सांगलीच्या पुढे हरिपूरला वारणा येऊन भिडते आणि तिला पूर असला तर कृष्णेला पुढे सरकायला वाव राहत नाही. तसंच पुढे नृसिंहवाडीला पंचगंगेचं. इथे नदीचा उतारही फार कमी, म्हणून पाणी चढतं तेवढ्या लवकर उतरत नाही. कोयनेचे दरवाजे एक फूट उचलले म्हणजे आयर्विनला किती फूट वाढ, याचं एका ओळीचं उत्तर म्हणूनच नसतं.

आयर्विनच्या पाढ्यालाही एक मर्यादा आहे, आणि ती २०१९ च्या ऑगस्टने दाखवली. शहराच्या मनात २००५ च्या महापुराची खूण होती, ५३ फुटांच्या पुढची. तेवढ्याच्या वर सामान ठेवलं की झालं, अशी अनेकांची समजूत. पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. शहरात पसरलेल्या पाण्यावर एवढे फूट चढणं म्हणजे किती प्रचंड पाणी, हे मोजपट्टी सांगत नाही; नदीच्या पात्रातला एक फूट आणि गावभर पसरल्यावरचा एक फूट सारखे नसतात. त्याच दिवसांत, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटून १७ जणांचा जीव गेला. पाणी वेढल्यावर बाहेर पडणं हा शेवटचा आणि सर्वांत धोक्याचा पर्याय असतो. फुटांचा आकडा उपयोगी पडतो तो त्याआधी. पुढे २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५४ फुटांच्या वर गेलं.

या ठिकाणी ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ ही शब्दयोजना फार घोटाळा करते. ऐकणाऱ्याला वाटतं, एकदा आला, आता आपल्या हयातीत नाही. तिचा अर्थ वेगळा: दरवर्षी असा पूर येण्याची शक्यता शंभरात एक. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तो किमान एकदा गाठण्याची शक्यता जवळपास पाचात एक होते. कर्ज देणारा आणि घेणारा या दोघांनीही हा आकडा ऐकलेला बरा.

महापुराबरोबर कृष्णेवरच्याच, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा वाद येतोच. २०१९ नंतर राज्य सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने २०२० मध्ये अहवाल दिला. अल्पावधीत झालेली अतिवृष्टी आणि पूररेषेतली अतिक्रमणं यांवर तिचा भर होता. त्या पुराचा ठपका तिने अलमट्टीवर ठेवला नाही. सांगली-कोल्हापुरातल्या अनेक कार्यकर्त्यांना हे पटलं नाही आणि आजही पटलेलं नाही. कोण बरोबर, हा या प्रकरणाचा विषय नाही. अहवाल देणं आणि पटवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं इथे ध्यानात घ्यावं. पटवायचं तर नदीचा उभा छेद, अलमट्टीच्या फुगवट्याची पातळी आणि दर तासाची आकडेवारी लोकांपुढे मांडून, त्यांचे प्रश्न ऐकून, त्यांना स्वतः ताळा करू द्यावा लागतो. निष्कर्षाचं एक पान वाचून नदीकाठचा माणूस आपलं मत बदलत नाही, आणि त्याने बदलावं असं म्हणणंही रास्त नाही.

डोंगराला मोजपट्टी नाही

२२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. मिलिमीटर म्हटलं की काहीच डोळ्यांपुढे येत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. त्या दिवशी तिथल्या प्रत्येक गुंठ्यावर साठ हजार लिटर पाणी पडलं: दहा हजार लिटरचे सहा टँकर, दर गुंठ्याला, एका दिवसात.

त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगाव आणि ढोकावळे इथल्या वस्त्यांवर डोंगर आला. तिन्ही ठिकाणी मिळून पंचवीसहून जास्त माणसं गेली. त्यापूर्वी २०१४ मध्ये आंबेगाव तालुक्यातलं माळीण १५१ जणांसह गेलं होतं. नंतर २०२३ मध्ये खालापूरची इर्शाळवाडी.

कारणाचा मोठा भाग त्या दगडी दांड्यांत दिसतोच. सह्याद्री थरांचा आहे: कठीण बेसाल्ट, मधे लाल मातीचे पट्टे, सड्यांवर जांभा, उतारांवर मुरूम आणि मातीची जाड गोधडी. पाणी जांभ्यातून आणि मुरमातून खाली झिरपतं आणि खालच्या घट्ट थरावर अडतं. माती जड होते, तिची पकड सुटते, आणि उतार घसरतो. दिवसभराचा पाऊस जितका महत्त्वाचा, तितकाच त्याआधीच्या आठ-पंधरा दिवसांचा. जमीन आधीच तुडुंब असेल तर कमी पावसातही काम होतं.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने देशभरातल्या दरडप्रवण डोंगरउतारांचे नकाशे केले आहेत, एकास पन्नास हजार या प्रमाणात. नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाचशे मीटर. तीस-चाळीस घरांची वाडी त्यावर दोन-तीन मिलिमीटरची ठिपकी. नकाशा तालुक्याच्या नियोजनाला उत्तम आहे; पण आपलं घर लाल पट्टीत की पिवळ्या, हे वाडीतल्या माणसाला त्यावरून कळणार नाही. २०२४ मध्ये याच संस्थेने कोलकात्यात राष्ट्रीय दरड पूर्वानुमान केंद्र सुरू केलं. सुरुवातीचे अंदाज दार्जिलिंग, कालिम्पाँग आणि निलगिरीसाठी होते. सह्याद्रीतल्या एकेका वाडीपर्यंत असा अंदाज पोचायला वेळ लागेल, कारण त्यासाठी त्या वाडीचा पाऊस ठाऊक हवा. महाबळेश्वरच्या पठारावरचा आकडा मीरगावच्या उताराला लागू पडत नाही; एका डोंगराच्या दोन अंगांना पाऊस वेगळा.

म्हणजे पाटणच्या डोंगरात आयर्विन नाही. जागा ठरलेली नाही, आकडा ठरलेला नाही, आणि ‘इतकं झालं की निघायचं’ ही रीत नाही. मात्र खुणा आहेत, आणि त्या वाडीतल्या बायामाणसांना शास्त्रज्ञांच्या आधी दिसतात. उतारावर नवी भेग, तीही डोंगराला आडवी. झाडं किंवा विजेचे खांब कलणं. दारं-खिडक्या अचानक घट्ट बसणं. नितळ झऱ्याला गढूळ पाणी येणं, किंवा वाहता झरा एकाएकी बंद होणं. शेवटची खूण फार महत्त्वाची: पाणी थांबलं म्हणजे ते आत कुठेतरी साठतंय.

आकडा दारापर्यंत

मराठीत भूशास्त्र आलं नाही, असं म्हणता येणार नाही. याच सातारा जिल्ह्यात, वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोश तयार झाला. १९७६ पासून निघालेल्या त्याच्या खंडांत भूकंपावर सविस्तर नोंद आहे. मराठी विज्ञान परिषद कोयनेच्या भूकंपाच्या आदल्या वर्षी, १९६६ मध्ये स्थापन झाली. ज्ञान मराठीत आहे. ते कपाटापासून दारापर्यंत न्यायचं काम बाकी आहे, आणि त्यासाठी आणखी अवघड शब्दांचे सोपे अर्थ देऊन भागणार नाही.

सांगलीच्या फुटांनी या कामाच्या अटी दाखवून दिल्या आहेत. आकडा आपल्या जागेचा असावा. तो पारखून पाहता यावा. त्याच्यासोबत कृती ठरलेली असावी. आणि त्याची मर्यादा लपवलेली नसावी, नाहीतर २००५ ची खूण २०१९ मध्ये घात करते. या अटी लावल्या तर कोयनेच्या चार ओळींच्या बातमीत पाचवी ओळ सहज घालता येईल. धक्का सौम्य होता, पण तुमच्या भिंतीला कोपऱ्यातून तिरकी भेग आहे का पाहा, असेल तर ग्रामपंचायतीत कळवा. पंधरा-सोळा शब्दांची ही ओळ वर्षातून अनेकदा छापली गेली, तर दाखल्यापेक्षा अधिक उपयोगी ज्ञान नातवापर्यंत जाईल.

दरडींचं काम यापेक्षा अवघड, तरी खर्चाचं नाही. सरळ उभ्या भिंतींचा डबा, एक मोजपट्टी आणि एक वही, एवढ्यात प्रत्येक वाडीच्या शाळेत पावसाची नोंद ठेवता येते. रोज सकाळी साडेआठला मुलांनी मिलिमीटर लिहायचे, शेजारच्या रकान्यात झऱ्याचं पाणी गढूळ की नितळ, आणि भेगेवर दोन्ही बाजूंना ठोकलेल्या खुंट्यांमधलं अंतर. पाच-सात पावसाळ्यांत त्या वाडीचा स्वतःचा आकडा दिसू लागेल: इतके दिवस इतका पाऊस झाला की वरची भेग हलते. भूवैज्ञानिकाला अशा नोंदी कुठल्याही उपग्रहावरून मिळत नाहीत, आणि वाडीला त्यांचा अर्थ भूवैज्ञानिकाशिवाय नीट लागत नाही. दोघांनी वर्षातून एकदा, पाऊस सुरू होण्याआधी, शाळेच्या व्हरांड्यात बसून वही वाचली पाहिजे आणि त्या वर्षाचा निघण्याचा आकडा भिंतीवर रंगवला पाहिजे. तो पहिल्या वर्षी चुकेल, बहुधा सावधगिरीच्या बाजूने. लोक एक-दोनदा उगाच घर सोडतील, कुरकुर करतील. पुढच्या वर्षी आकडा दुरुस्त करायचा, आणि का बदलला ते त्याच भिंतीवर लिहायचं. शास्त्रज्ञही आपल्या कामात याहून वेगळं काही करत नाहीत.